कोचरेकर वकील एकदाच बोलला

विद्याधर कोचरेकर वकिलाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू व्हायचा. तोवर चाळीचा नळ येऊन गेलेला असायचा, बायकांची धुणी दोरीवर चढलेली असायची आणि मी कांदिवलीच्या फाउंड्रीत साच्यांची पहिली ओळ लावून पाठ सरळ करत असायचो. विद्याधर ओट्यावर येऊन आळस द्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "काय, आज पाणी बरं होतं ना?" हा नळ म्युन्सिपालटीकडून आपण आणला, असं त्याचं म्हणणं होतं. नळ आणला त्याने, पाणी भरलं नीलाने. नीला त्याची बायको, म्युन्सिपालटीच्या शाळेत मास्तरीण. ती पाणी भरून, पोळ्या लाटून, त्याचा डबा झाकून सकाळच्या शाळेला गेलेली असायची.

आमची चाळ मालाड पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी. बैठ्या तीन ओळी, वर पत्रे, वीसेक बिऱ्हाडं. सगळी कोकणातली. कुणी गिरणीत, कुणी कारखान्यात, कुणी गोदीत. विद्याधरचा बापही गिरणीतच होता. पोराच्या अंगाला कापूस चिकटू नये म्हणून त्याने पोराला शिकवलं. विद्याधर वकील झाला. चाळीतला पहिला वकील. शेवटचाही तोच, कारण त्याच्याकडे पाहून पुढे कुणी त्या वाटेला गेलं नाही.

चाळीचा मालक भाऊराव. अठ्ठ्याहत्तर साली त्याने आमच्यावर वांद्र्याच्या कोर्टात दावे लावले. म्हणणं असं, की जागा मला स्वतःला हवी, माझे दोन मुलगे लग्नाचे झाले, त्यांच्यासाठी घर बांधायचं आहे, भाडेकरूंनी खोल्या सोडाव्यात. मुलगे होते हे खरं. पण दोन मुलग्यांना तीन ओळींची जागा कशाला हवी, हे चाळीतल्या कोंबड्यांनाही कळत होतं. टेकडीच्या अंगाला बिल्डरांच्या गाड्या फिरू लागल्या होत्या. प्रत्येक खोलीवर वेगळा दावा, पण सगळे एकाच गठ्ठ्यात बांधलेले, एकत्रच चालायचे. हरलो तर सगळी चाळ रस्त्यावर. मुंबईत दुसरी खोली घ्यायची ऐपत आमच्यात कुणाचीच नव्हती.

घरचा वकील असताना बाहेरचा कशाला, म्हणून वकीलपत्र विद्याधरला दिलं. तारखेमागे प्रत्येक खोलीने थोडे पैसे द्यायचे ठरले. ठरवताना एक गोष्ट ध्यानात आली नाही. माणसाला नगावर मजुरी दिली की तो नग वाढवतो. विद्याधरचा नग होता तारीख.

तारीख घेण्यात मात्र त्याचा हात धरणारा वकील नव्हता. त्याचं पोट दुखायचं. त्याचा सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकायचा. हा सीनियर आम्ही कधी पाहिला नाही. गणपतीला साक्षीदार गावी गेलेले असायचे, शिमग्याला पक्षकार गावी गेलेले असायचे, आणि मे महिन्यात कोर्टच सुट्टीवर जायचं. सुतक त्याला फार. एकदा मालकाचा वकील चंद्रप्रकाश उठून म्हणाला, "साहेब, कोचरेकरांचे हे काका गेल्या वर्षीही वारले होते."

विद्याधरने हात जोडले. "ते थोरले, हे धाकटे. आमचं कुटुंब मोठं आहे, साहेब."

न्यायाधीश हसले. न्यायाधीश हसले की तारीख मिळते, हा त्याचा अनुभव होता.

प्रत्येक तारखेला चाळीतल्या एकाने कोर्टात हजर राहायचं, अशी पाळी होती. माझी पाळी आली की खाडा पडायचा. दिवसभर बाकावर बसून भिंतीवरची पाल बघायची. कधीतरी दुपारी पुकारा व्हायचा. विद्याधर उभा राहायचा, अर्धं वाक्य बोलायचा, पुढची तारीख पडायची, तो वाकून नमस्कार करायचा. संपलं. बाहेर आल्यावर कोटाची बटणं सोडून रुमालाने मान पुसायचा, जसा काही भट्टीपुढून आला आहे.

"दमलो रे सहदेव."

"कशाने?"

"तुला नाही कळायचं. डोक्याचं काम असतं."

"मग घाम मानेला कसा?"

"चहा सांग, चहा," तो म्हणायचा. चहाही पक्षकाराने पाजायचा असतो, हा बहुधा कायदाच असावा.

फाउंड्रीत माझा साचा बिघडला तर मुकादम तो माझ्यासमोर लाथेने फोडायचा. पुन्हा वाळू चाळा, पुन्हा ठोका. विद्याधरच्या धंद्यात काम न करणं हेच काम होतं. असलं काम बिघडायची सोयच नाही, असं मला वाटायचं.

कोपऱ्यातल्या खोलीत रुक्मिणी काकी राहायची. नवरा जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गावाला घर दिराने बळकावलेलं. पापड लाटून पोट भरायची. तिला कोर्टातलं काही कळत नव्हतं, पण कळायचं तेवढं कळत होतं. पाळीवरून कुणी परत आलं की ती दारात अडवायची.

"काय रे, आज काय झाला?"

"तारीख पडली, काकी."

"मगे बरा झाला. खोली रवली." आणि ती देवापुढे साखर ठेवायची. तिचं पाहून इतर घरांतूनही तारखेच्या दिवशी साखर ठेवायची पद्धत पडली. लोक मूल पास झालं की पेढे वाटतात. आम्ही परीक्षा पुढे गेली की साखर ठेवायचो.

लवूला हे पटायचं नाही. लवू गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, तेव्हापासून स्टेशनबाहेर भाजीची गाडी लावायचा. जीभ तेवढी शाबूत राहिली होती. "काकी, साखर जपून," तो ओरडायचा. "निकाल लागेपर्यंत रेशन पुरलं पाहिजे!"

संध्याकाळी वकिलाचा पुढारी व्हायचा. काळा कोट खुंटीवर जायचा, पांढरा झब्बा अंगात यायचा. गणेश मंडळाच्या शेडमध्ये टेबल टाकून तो बसायचा. कुणाला दाखला हवा, कुणाला रेशनकार्ड, कुणाच्या दारातल्या गटाराला झाकण नाही, कुठे खांबाला दिवा नाही. काम घेऊन येणारा उभा, विद्याधर बसलेला. अर्ज तो तोंडाने सांगायचा, लिहायचा दुसरा, म्युन्सिपालटीत खेटे घालायचा तिसरा. काम झालं की नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं जायचं, 'ॲड. विद्याधर कोचरेकर यांच्या अथक प्रयत्नांना यश.' अथक हे खरं होतं. थकण्यासारखं काही केलेलंच नसायचं.

बारशाला, बाराव्याला, सत्यनारायणाला तो हजर. दोन शब्द बोला म्हटलं की उभा. बोलता बोलता लोकांना हात वर करायला लावायचा. "नळाचं पाणी कुणाकुणाला मिळालं, हात वर करा!" लोक करायचे. बाराव्याच्या जेवणालाही त्याने हात वर करवून घेतले होते. जेवणाऱ्यांनी उष्टे हात वर केले.

त्याचं सगळ्यात मोठं यश म्हणजे चारकोप. तिथे सरकारी योजनेत लहान लहान प्लॉट सोडतीने मिळत होते. चाळीतल्या काहींनी अर्ज केले, तिघाचौघांना लागले. चिठ्ठी निघाली ती त्यांच्या नशिबाने. फळ्यावर यश विद्याधरचं. प्लॉटवर घर उभं करायला पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून ते सगळे अजून चाळीतच राहत होते. हे फळ्यावर लिहिलेलं नव्हतं.

पंच्याऐंशी साली म्युन्सिपालटीची निवडणूक आली. विद्याधरला तिकीट हवं होतं. पक्षाच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसून त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. तळहात दुखले असतील, नाही म्हणत नाही. पक्षाने तिकीट धोंडिरामला दिलं. धोंडिराम रेती-विटांचा धंदा करायचा, दारात ट्रक होते. सभेला माणसं आणायची तर ट्रक लागतात, वकील नाही. विद्याधर चिडून अपक्ष उभा राहिला. निशाणी मिळाली शिडी.

"झकास!" लवू म्हणाला. "आता चढायची तेवढी तारीख घे."

थोड्याच दिवसांत नाक्यावर धोंडिरामच्या माणसांनी आपला फळा लावला. त्यावर लिहिलं होतं, 'सात वर्षांत ज्याला एका चाळीचा निकाल लावता आला नाही, तो वॉर्डाचं काय भलं करणार? तारीखवाल्या वकिलाला पुढची तारीख द्या!'

वाचून नाका हसला. ते हसू चाळीत शिरलं आणि चाळीला झोंबलं. काल-परवापर्यंत तारीख पडली की साखर ठेवणाऱ्यांची खडूच्या दोन ओळींनी अब्रू गेली. लगेच शेडमध्ये बैठक बसली.

"निकाल लावून टाक रे विदू," एक जण म्हणाला. "स्टेशनावर लोक हसतात."

"आपली बाजू खरी आहे ना? मग घाबरायचं कशाला?" दुसरा म्हणाला.

लवू उठून उभा राहिला. "सात वर्षं तू नुसता कोट इस्त्री करतोस. एकदा कोर्टात तोंड उघड की! का तोंडालाही सुतक आहे?"

शेड हसून फुटली. विद्याधर हसला नाही. एरवी टोमणा खाऊन चहा मागणारा माणूस, पण आता त्याच्या अंगात उमेदवार होता.

मागून रुक्मिणी काकी म्हणाली, "अरे मेल्यांनो, चालला हा तसा चालांदे. तारीख काय वायट?"

"काकी, तुम्ही गप्प बसा. इज्जतीचा प्रश्न आहे," लवू म्हणाला.

"खोली गेल्यार इज्जत खय ठेवतलंस रे?"

विद्याधरने झब्बा सारखा केला आणि हात वर करून सगळ्यांना शांत केलं. दाव्यांतल्या साक्षी कशाबशा झाल्या होत्या. युक्तिवाद तेवढा राहिला होता, म्हणजे त्यानेच तो पुन्हा पुन्हा ढकलला होता. "पुढच्या तारखेला युक्तिवाद करतो," तो म्हणाला. "सगळे या. निकाल घेऊनच मतदानाला जाऊ." टाळ्या पडल्या.

त्याची आणि माझी भिंत एक होती. भिंत म्हणजे कुडाला मातीचा लेप. घरी गेल्यावर नीला त्याला म्हणाली ते मला ऐकू आलं, आणि न ऐकण्यासाठी मी काही केलं नाही.

"अहो, ज्यात तुमचा हात बसलाय तेच करा."

"म्हणजे मला कोर्टात बोलता येत नाही?"

"बोलता येतं. थांबता येत नाही. सत्यनारायणाला तुम्ही उभे राहिलात की प्रसाद गार होतो."

"तुला राजकारण कळत नाही, नीला."

"नाही कळत. पण भाडं कळतं. ही चाळ गेली तर सगळ्यांनी कुठे जायचं, ते सांगा आणि मग खुशाल बोला."

त्याने सांगितलं नाही. भाषणाची तयारी करायची होती.

तारखेला सगळी चाळ वांद्र्याला गेली. लवूने गाडी लावली नाही. रुक्मिणी काकी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. कोर्टाच्या खोलीत बाक पुरले नाहीत, निम्मे लोक भिंतीला टेकून उभे. विद्याधर आला, कोटाची इस्त्री कडक. त्याने मागे वळून पाहिलं, आणि तिथेच आमची वाट लागली. एवढे मतदार एका खोलीत, तेही गप्प बसलेले, त्याला आयुष्यात मिळाले नव्हते.

आधी चंद्रप्रकाश बोलला. इंग्रजीत, थोडक्यात. मग विद्याधरने मराठीत बोलायची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी दिली. सगळं अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. खोल्या खाली केल्या तर भाडेकरूंचे हाल जास्त, की न केल्या तर मालकाचे? आमचे हाल दाखवले की काम झालं. आणि हाल दाखवायला आमच्यासारख्यांना वकीलही लागत नाही. नुसतं उभं राहिलं तरी दिसतात.

सुरुवात त्याने बरी केली. संपात उघड्यावर आलेली कुटुंबं, पत्र्याची छपरं, म्हातारी माणसं. "यांना दुसरा निवारा नाही, साहेब," तो म्हणाला. काकीने डोळ्यांना पदर लावला. एवढ्यावर खाली बसला असता तर मला हे लिहायचं कारण पडलं नसतं. पण त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"पण ही माणसं लाचार नाहीत! गेल्या दहा वर्षांत या चाळीने जी प्रगती केली, ती आमच्या वॉर्डात कुणी केलेली नाही! नळ आला, दिवे आले, गटारावर झाकणं आली! आज या चाळीतल्या निम्म्या लोकांची गावाला चिऱ्याची पक्की घरं आहेत! आणि चारकोपला? चारकोपला किती जणांना मी स्वतः प्लॉट मिळवून दिले! ज्यांना मिळाले त्यांनी हात वर करा रे!"

हात वर झाले. सवय ती सवय. शेडमध्ये तो असेच करायला लावायचा, इथेही केले. ज्यांना प्लॉट लागला नव्हता त्यांच्यातल्याही दोघांनी, मागे राहायला नको म्हणून, हात वर केले. माझ्या शेजारचा दशरथ त्यातलाच. मी त्याचा हात धरून खाली ओढला. त्याने दुसरा वर केला.

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर नेला. "कोचरेकर, हे तुम्ही कोर्टाला सांगताय? लिहून घेऊ?"

"अभिमानाने, साहेब!"

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. सावकाश, नीट. चंद्रप्रकाश अर्धवट उठला, "मला आणखी काही सांगायचं नाही," म्हणाला आणि बसला. इतक्या कमी कष्टात इतकं काम झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

विद्याधर त्यानंतरही बराच वेळ बोलला. खांबावरच्या दिव्यांबद्दल बोलला, बालवाडीबद्दल बोलला. शेवटी 'आपलं प्रेम असंच राहू द्या' म्हणता म्हणता सावरला. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पट्टेवाला ओरडला.

बाहेर लवूने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय बोललास यार! आजवर कुठे ठेवलं होतंस हे?" त्यात टिंगल नव्हती. विद्याधरने मान पुसली. या वेळी घाम खरा होता, म्हणून चहा मीच सांगितला.

रुक्मिणी काकी जवळ आली. "विदू, त्या चारकोपाचा कित्याक सांगलंस रे?"

"प्रगती, काकी. प्रगती दाखवावी लागते."

"दुसरा घर असा म्हटल्यार ह्या कोण ठेवतलो?"

विद्याधरने चहाचा कप न पिताच खाली ठेवला. वकील परत आला होता, पण उशिरा. तो जिन्याकडे दोन पावलं गेला, परत आला. वर जाऊन काय सांगणार? टाळ्यांसकट सगळं झालेलं होतं.

निकाल मतदानाच्या आदल्या आठवड्यात लागला. भाऊरावचे दावे मंजूर. भाडेकरूंच्या वकिलानेच सांगितलं की यातल्या बऱ्याच जणांची गावाला पक्की घरं आहेत, काहींना चारकोपला जागा मिळाली आहे, आणि कोर्टात हजर असलेल्यांनी हात वर करून ते मान्य केलं, असं निकालात होतं. ज्यांना काहीच नव्हतं त्यांच्याबद्दल विद्याधर वेगळं असं काही बोललाच नव्हता. तेही गठ्ठ्याबरोबर गेले. खोल्या खाली करायला थोडी मुदत होती, तेवढीच.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर धोंडिरामचा फळा होता. 'अथक प्रयत्नांना यश. चाळ खाली!'

लवू विद्याधरच्या दारात जाऊन उभा राहिला. "बाहेर ये, प्रगतीवाल्या!"

बाहेर नीला आली. हातात पोळपाट होता. "काय भावोजी? बोल, बोल म्हणून कोण मागे लागलं होतं? बोलले ते. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. आता त्या परत घ्यायला आलात?"

लवू परत फिरला. जाताना आमच्या भिंतीला एक लाथ घातली. भिंतीचा काय दोष, मी विचारलं नाही.

निवडणुकीत धोंडिराम आला, विद्याधरचं डिपॉझिट गेलं. चाळीची मतं मात्र बहुतेक शिडीलाच पडली. राग होताच. पण धोंडिरामला मत दिलं असतं तर नाका आणखी हसला असता, आणि हसण्याला आमचे लोक फार भितात, हे आतापर्यंत सिद्ध झालं होतं.

विद्याधरने झब्बा ट्रंकेत टाकला आणि अपील केलं. अपिलात त्याने भाषण केलं नाही. त्याला जे येत होतं तेच मागितलं. खोल्या खाली करायचा हुकूम थांबवा, अपील चालेपर्यंत आहे तसं राहू द्या. त्यासाठी तो धावलाही. वांद्र्याच्या जिन्यांवरून त्याला वरखाली करताना मी पाहिलं. धापा टाकत होता, आणि मला बरं वाटलं. स्टे मिळाला, पण अटीवर. मालकाच्या नुकसानीपोटी सगळ्या खोल्यांचे मिळून पैसे कोर्टात भरायचे, ठरल्या मुदतीत. नाही भरले तर पोलीस घेऊन भाऊराव दारात.

पुन्हा शेडमध्ये बैठक. या वेळी लोक बसले होते आणि विद्याधर उभा होता. सगळ्यांनी काढता आले तेवढे काढले. मी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली. लवूने भाजीची गाडी गहाण टाकली. काकीने कानातली कुडी काढून दिली. तरी निम्मेही झाले नाहीत. संपाने पोखरलेल्या घरांतून आणखी काय निघणार?

मागून नीलाचा आवाज आला. "उरलेले आपल्याकडे आहेत."

विद्याधरने मान वर केली नाही. "ते नव्या ब्लॉकसाठी साठवलेत," हळू म्हणाला.

"ब्लॉकचे नाहीत. तारखांचे आहेत. तारखेचे पैसे आले की मी पोस्टात टाकत आले. घर माझ्या पगारावर चाललं. त्यातला पैसा मी मीठ-मिरचीलाही काढला नाही."

"कांदिवलीचा ब्लॉक तूच बघून आली होतीस ना, नीला?"

"आले होते. दोन खोल्या, आत संडास, गॅलरीतून झाड दिसतं. मला काय हौस नाही?" तिने पदर कमरेला खोचला. "पण तुम्ही न बोलता कमावलेत ते. आता बोललात त्याचं भरा."

लवू उठला. त्याला काहीतरी लागेल असं बोलायची सवय, पण या वेळी जमेना. "वहिनी, आम्ही फेडू हो."

"फेडाल तेव्हा फेडाल भावोजी. आधी राहा."

पैसे भरायला मी विद्याधरबरोबर गेलो. त्याने ते रुमालात बांधून कोटाच्या आत छातीशी धरले होते. जन्मात त्याने उचललेलं हे पहिलं ओझं. खिडकीशी गेल्यावर त्याचा हात कोटातून बाहेर येईना. कारकुनाला दुसऱ्यांदा मागावे लागले.

त्या पैशाला कष्टाचा पैसा म्हणावं का, याचा मी बाकावर बसून विचार केला. खोटी सुतकं पाळून, पोट धरून, चंद्रप्रकाशचे टोमणे गिळून त्याने सात वर्षं आमची छपरं जागेवर ठेवली होती. भट्टीचं काम नव्हे ते. पण मजुरी त्याची होती आणि आम्ही ती त्याच्याच हाताने बुडवायला लावली होती.

कांदिवलीचा ब्लॉक दुसऱ्या कुणीतरी घेतला. विद्याधरच्या सगळ्या कमाईत आमची चाळ, पत्र्यांसकट, उंदरांसकट, सकाळच्या संडासाच्या रांगेसकट, अपिलाचा निकाल लागेपर्यंत होती तिथे राहिली. त्या रांगेत अजून नीलाही होती, आणि आता तिच्या मागे विद्याधरही, डबा हातात घेऊन.